वाचकांचे प्रश्न : सीतेच्या बाजूने उभा राहणारा सिनेमा

मागच्या अंकात मी 'सीता सिंग्ज द ब्लूज' ह्या ॲनिमेशन सिनेमाबद्दल जेमतेम दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके मेल आले की ह्यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. निना पेली ही अमेरिकन व्यंगचित्रकार. २००२ मध्ये नवऱ्याला तिरुवनंतपुरमला काम मिळालं म्हणून ती सॅन फ्रान्सिस्कोचं घर सोडून त्याच्यामागे केरळात आली, आणि तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा रामायण वाचलं. मग कामानिमित्त न्यूयॉर्कला गेली आणि तिथे असतानाच नवऱ्याचा ईमेल आला, परत येऊ नकोस. बस, संसार संपला. त्यानंतर काही वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर बसून तिने ८२ मिनिटांचा सिनेमा केला, त्यात सीतेची गोष्ट आणि स्वतःची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली. २००८ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या आनसीला, म्हणजे ॲनिमेशनवाल्यांच्या पंढरीतच म्हणा ना, बेस्ट फीचरचं बक्षीस मिळालं. आता प्रश्न.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते, तिने लिंक पाठवली म्हणून बघायला बसले आणि पंधरा मिनिटांत बंद केला. सीतेचे बशीएवढे डोळे, कंबर हलवत इंग्रजी गाणं म्हणतेय, मला कसंतरीच झालं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, गीतरामायणावर वाढलेली बाई. हे रामायण आहे का? आणि पुढे बघू का? (एक निवृत्त शिक्षिका, ठाणे)

ताई, पुढे बघाच. तुम्ही नेमक्या अशा ठिकाणी थांबलात जिथे सिनेमा अजून तुमच्याशी बोलायलाच लागला नव्हता. ह्या सिनेमात एकच एक चित्रशैली नाहीये, सारख्या बदलत राहतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे, ते एकदा लक्षात आलं की बिचकायला होत नाही. राम-सीता-दशरथ-रावण एकमेकांशी बोलतात ते प्रसंग जुन्या राजस्थानी लघुचित्रांच्या वळणाचे आहेत, सपाट रंग, बाजूने दिसणारे चेहरे. निनाचं स्वतःचं आयुष्य येतं तेव्हा रेषा थरथरते, हाताने घाईघाईत काढल्यासारखी, जणू डायरीच्या कोपऱ्यात काढलेली चित्रं हलायला लागली आहेत. आणि तुम्हाला खटकली ती तिसरी शैली, गोल गरगरीत, चकचकीत, गाण्यांची.

ती गाणी ॲनेट हॅनशॉ ह्या अमेरिकन गायिकेची आहेत, १९२० च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड केलेली. ईमेल आल्यावर निनाला राहायला घर नव्हतं, न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या माणसाकडे काही दिवस होती आणि तिथे ह्या गाण्यांची ओळख झाली. गाणी सगळी एकाच दुखण्याची, तो माझ्याशी वाईट वागतो तरी मला तोच हवा. पण आवाज मात्र कोवळा, गोड, रडका अजिबात नाही, आणि गाणं संपलं की ती पटकन 'दॅट्स ऑल' म्हणून मोकळी होते, ती तिची सवयच होती. आता गीतरामायण आठवा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी झाली, आणि माडगूळकरांनी काय केलं, तर गोष्ट एका निवेदकाकडून सांगवली नाही, ज्याचं दुःख त्याच्याच तोंडी गाणं दिलं. लक्ष्मणाने वनात सोडल्यावर सीता विचारते मी आता जाऊ कुठे, ते गाणं लागलं की आमच्या घरात स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा थांबायची. निनाने तेच केलंय, फक्त तिच्याकडे माडगूळकर-फडके नव्हते, तिच्याकडे ऐंशी वर्षं जुन्या तबकड्या होत्या. तुम्ही शिकवलेल्या वाटेपासून ही बाई फार लांब गेलेली नाही, एवढं डोक्यात ठेवून परत लावा.

तुम्ही ह्या सिनेमाचं कौतुक केलंत ह्याचं वाईट वाटलं. ज्यांना आपली परंपरा माहीत नाही त्यांनी आपल्या देवांवर कार्टून का काढावं? त्यात राम कमकुवत आणि निष्ठुर दाखवलाय, गरोदर सीतेच्या अंगावर पाय ठेवून चालताना दाखवलाय असं ऐकलं. नवरा सोडून गेला म्हणून राग रामावर काढायचा? (एक वाचक, कोल्हापूर)

तुमचं वाईट वाटणं मी बाजूला सारत नाही. माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात रामपंचायतन होतं, ती रोज रामरक्षा म्हणायची, त्यामुळे राम म्हटल्यावर पोटात काय हलतं ते मला माहिती आहे. सिनेमात राम कठोर दिसतो हे खरं आहे, काही ठिकाणी अतिशय कठोर. २००९ मध्ये आपल्याकडच्या काहींनी ह्याला जोरात विरोध केला होता, आणि उलट्या बाजूने काही अभ्यासकसुद्धा म्हणत होते की गोऱ्या बाईने भारतीय गोष्टीला हात का लावावा. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाल्ली तिने.

पण एक सांगा, सीतेच्या बाजूने रामाला जाब विचारणं हे अमेरिकेतून आलंय का हो? आपल्या खेड्यापाड्यातल्या बायका जात्यावर बसून पहाटे काय म्हणायच्या ते ऐका. गी पॉइतेवँ आणि हेमा राईरकर ह्या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर ओव्या आहेत त्या, आणि त्यात सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा वेगळा मोठा साठा आहे. राम सीतेच्या तोलाचा नाही, सीता हिरकणी आणि राम हलक्या दिलाचा, अशा अर्थाची ओवी महाराष्ट्रात कितीतरी गावांत सापडते. ह्या बायका नास्तिक नव्हत्या. त्याच बायका रामनवमीला पाळणा म्हणायच्या, सुंठवडा वाटायच्या, आणि दुसऱ्या दिवशी जात्यावर बसल्या की रामाला स्पष्ट सांगायच्या की तू हे बरं नाही केलंस. देव आपला असला की त्याच्यावर रुसताही येतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि भवभूतीचं काय करणार? विदर्भातल्या पद्मपूरचा हा कवी, आठव्या शतकातला, त्याने सीतात्यागावर 'उत्तररामचरित' हे संस्कृत नाटक लिहिलं. त्यातला राम दंडकारण्यात परत येतो आणि जुन्या जागा बघून अक्षरशः कोसळतो, बेशुद्ध पडतो, आणि सीता तिथेच असते पण त्याला दिसत नाही, तिचा नुसता स्पर्श कळतो. त्या अंकाचं नावच 'छाया'. भवभूतीला शेवट सहन झाला नाही म्हणून त्याने सीतेला धरणीच्या पोटात जाऊ दिलं नाही, दोघांना परत भेटवलं. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीतल्या माणसाला हा प्रसंग टोचत होता. निनाला पण तोच टोचला, तिने भवभूतीसारखा रामाला रडवून नाही सोडवला, सीतेला गायला लावून सोडवला. तिचा राम मला अपुरा वाटतो हे मी कबूल करते, भवभूतीच्या रामाचं आतून फाटणं तिच्याकडे फारसं नाही, थोडं दिसतं पण पटकन निघून जातं. लव-कुश रामाची स्तुती गातात तो प्रसंग तर चांगलाच बोचरा आहे, गोड चालीवर मुलं बापाचे गुण गातात आणि शब्द ऐकले तर त्यात बापाने आईला कसं टाकलं तेच येतं. तुम्हाला तो आवडणार नाही. पण तो बघून मग रागवा, ऐकून नको.

मी नागपूरला ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात एकट्याने फीचर फिल्म होतच नाही, टीम लागते. निना पेलीने खरंच एकटीने केला का? कसा? (एक विद्यार्थिनी)

सरांचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं, म्हणून तर हा सिनेमा एवढा गाजला. हिशोब करून बघ. सेकंदाला २४ फ्रेम, ८२ मिनिटं, म्हणजे एक लाख अठरा हजारांच्या वर फ्रेम होतात. त्या सगळ्या हाताने काढायच्या म्हटलं तर एका माणसाचं आयुष्य जाईल. तिने काय केलं, तर जिथे जे परवडतं तिथे ते वापरलं.

गाण्यांचे भाग फ्लॅश ह्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, व्हेक्टर आर्ट, म्हणजे कितीही लहान-मोठी केली तरी न बिघडणारी चित्रं. सीतेचं डोकं, डोळे, हात, कंबर, सगळे सुटे भाग एकदा काढून ठेवले आणि मग सांध्यांवर फिरवले, चाल तीच, फक्त ताल गाण्याचा. वानरसेना, राक्षस, हे एकाचे शंभर करता येतात. संवादाच्या भागात तर हालचाल अगदीच कमी, चेहरा स्थिर, तोंड हलतं, हात एका जागेवरून दुसरीकडे सरकतो, लघुचित्राच्या शैलीत ते खपूनही जातं आणि शोभतंही. हीच गोष्ट तू नीट बघ, कारण इथे पैशाची तंगी आणि शैली एकमेकांच्या मदतीला आल्या आहेत, काहीतरी लपवलंय असं एकदाही वाटत नाही. अग्निपरीक्षेचा एक वेगळाच तुकडा आहे, तिथे रीना शाह ह्या नर्तिकेचा प्रत्यक्ष नाच शूट करून त्यावरून चित्रं काढली आहेत, रोटोस्कोपिंग. सीतेचा बोलण्यातला आवाजही रीनाचाच. त्या दोन-तीन मिनिटांत ना राम आहे ना विनोद, नुसती आग आणि एक बाई, आणि मला विचारशील तर अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात ताकदीचं काम ते आहे.

एकटीने म्हणजे चित्रं, हालचाल, दिग्दर्शन, एडिटिंग जवळपास सगळं तिचं. आवाज दुसऱ्यांचे, संगीत दुसऱ्यांचं, साऊंडलाही मदत होती, आणि सिनेमा पुरा करायला लोकांनी वर्गणी पाठवली. मधे २००६ साली गुगेनहाइम फेलोशिप, म्हणजे कलाकार-अभ्यासकांना कामासाठी मिळणारे पैसे, मिळाली तिचा पण आधार झाला. म्हणजे 'एकटी' ह्या शब्दामागे बरीच माणसं असतात ते विसरू नकोस.

आता तुझ्यासाठी. फ्लॅश गेलं, पण आज तुझ्याकडे तिच्यापेक्षा जास्त आहे. ब्लेंडर ह्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने चित्रं काढायला ग्रीस पेन्सिल आहे, चित्रांसाठी क्रिटा आहे, दोन्ही फुकट. २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालेला लाटव्हियाचा 'फ्लो' ब्लेंडरवरच केलेला आहे. फीचरच्या मागे आत्ता लागू नकोस, एक तीन मिनिटांचं गाणं घे, कुठलीही एक गोष्ट घे जी तुला झोपू देत नाही, आणि आधी ठरव की तुला काय काय काढायचं *नाहीये*. तिथूनच शैली सापडते. केलंस की मला पाठव, मी मनापासून बघेन.

सिनेमात तीन सावल्या बसून गप्पा मारतात ते बघून मला आमच्या पिंगुळीची आठवण झाली. काही संबंध आहे का? (एक वाचक, कुडाळ)

थेट नाही, त्या बाहुल्या इंडोनेशियातल्या वायांगच्या, म्हणजे तिथल्या सावल्यांच्या खेळाच्या, वळणाच्या आहेत. पण तुम्हाला आठवण झाली ह्याचा मला फार आनंद झाला कारण बघताना मलाही पिंगुळीच आठवत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान् पिढ्या चित्रकथी करतात, एकेका कथेच्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा-टाळ-हुडुकच्या साथीवर गोष्ट गाऊन सांगायची. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही त्यांच्याकडे आहे. सावंतवाडीच्या संस्थानाने ही कला सांभाळली, आणि २०२१ च्या यादीत परशुराम गंगावणे ह्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला पिंगुळी नकाशावर दिसली. चित्र, गाणं आणि सांगणारा माणूस, ह्या तीन गोष्टींवर रामायण उभं करायचं, हे चित्रकथी आणि निना दोघंही करतात.

त्या तीन सावल्यांबद्दल मात्र थोडं जास्त बोलायचंय. त्या गप्पा लिहिलेल्या नाहीत. असीम छाबरा, भावना नागुलपल्ली आणि मनीष आचार्य ह्या न्यूयॉर्कमधल्या तीन भारतीयांना तिने एकत्र बसवलं आणि म्हणाली लहानपणापासून जे ऐकलंय ते आठवेल तसं सांगा, आणि रेकॉर्ड केलं. मग त्या आवाजावर बाहुल्या हलवल्या. त्यामुळे ते अडखळतात, नावं विसरतात, कैकेयी कितवी राणी ह्यावर घोळ घालतात, एकमेकांना दुरुस्त करतात. वनवासात सगळं सोडून गेली होती तर सीतेच्या अंगावर वाटेत टाकायला दागिने आले कुठून? हनुमान न्यायला आला होता तेव्हाच ती गेली असती तर एवढं युद्ध टळलं नसतं का? आपल्या घरी जेवताना रामायणावर ज्या गप्पा होतात ना, आत्या एक सांगते, काका म्हणतात नाही नाही तसं नव्हतं, अगदी तेच. मला हा भाग सिनेमाचा जीव वाटतो, कारण रामायण आपल्यापर्यंत असंच आलंय, पोथीतून कमी आणि माणसांच्या तोंडून जास्त. त्यातले मनीष आचार्य स्वतः दिग्दर्शक होते, २०१० च्या डिसेंबरमध्ये माथेरानला घोड्यावरून पडून गेले. त्यांचा हसरा आवाज ऐकताना हे आठवतं आणि मधेच थांबायला होतं.

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात दर महिन्याला एक सिनेमा दाखवतो. हा 'फ्री' आहे म्हणतात, पण फुकट मिळतो म्हणजे पायरेटेड तर नाही ना? दाखवला तर कुणी नोटीस पाठवेल का? (कार्यकारिणी सदस्य)

पायरेटेड नाही, आणि त्यामागची गोष्ट सिनेमाइतकीच ऐकण्यासारखी आहे. निनाचा समज असा की गाणी एवढी जुनी, तबकड्यांवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. रेकॉर्डिंगचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला, पण गाण्यांचे शब्द आणि चाली ह्यांचे हक्क वेगळे असतात, आणि ते मोठ्या कंपन्यांकडे होते. त्यांनी सुरुवातीला जो आकडा सांगितला तो दोन लाख डॉलरच्या वर. तिच्याकडे कुठून येणार? घासाघीस करून सुमारे ५० हजार डॉलरवर आणलं, ते तिने कर्ज काढून भरले, तरी अटी होत्याच, ठराविक संख्येपेक्षा जास्त डीव्हीडी विकल्या तर पुन्हा पैसे. म्हणजे बक्षिसं मिळालेला सिनेमा हातात आहे आणि लोकांना दाखवता येत नाही, असं जवळजवळ वर्षभर काढलं त्या बाईने.

मग २००९ च्या मार्चमध्ये तिने सरळ पूर्ण सिनेमा चांगल्या क्वालिटीत इंटरनेटवर ठेवला, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली, कुणीही बघा, कॉपी करा, दाखवा. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक टीव्ही चॅनेलवरही तो लागला. आणि झालं असं की लोकांनी फुकट बघून मग देणग्या दिल्या, डीव्हीडी विकत घेतल्या, टी-शर्ट घेतले. २०१३ च्या जानेवारीत तिने त्या लायसन्सच्या उरलेल्या अटीही काढून टाकल्या, आपले सगळे हक्क सोडले, आता तो तिच्या बाजूने सार्वजनिक मालकीचा.

मला ह्यात एक गोष्ट सारखी आठवते. रामायण वापरायला तिला एक पैसा लागला नाही. वाल्मीकींच्या वारसांनी कुणाला कधी बिल पाठवलेलं नाही, तुलसीदासांनी घेतलं, एकनाथांनी भावार्थ रामायण केलं, जात्यावरच्या बाईने घेतलं, सगळ्यांनी आपलं समजून घेतलं आणि पुढे दिलं. आणि ऐंशी वर्षं जुन्या तीन मिनिटांच्या गाण्यासाठी कर्ज काढावं लागलं. हे तिला स्वतःलाच इतकं लागलं की त्यानंतर ती कॉपीराइटच्या विरोधातच काम करायला लागली.

तुमच्यासाठी व्यवहाराचं: वाचनालयाच्या सभासदांना विनामूल्य दाखवा, निनाची त्याला आनंदाने परवानगी आहे. तिकीट लावून मोठा कार्यक्रम करणार असाल तर गाण्यांच्या हक्कांबद्दल जाणकाराला एकदा विचारून घ्या, कारण ते हक्क तिचे नव्हतेच, त्यामुळे ती ते सोडू शकत नाही. आणि मधे जवळजवळ तीन मिनिटांचं इंटरव्हल सिनेमातच आहे, पात्रं ये-जा करतात पडद्यावर, त्यावेळी प्रोजेक्टर बंद करू नका. चहा तेवढ्यात होतो.

मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला दाखवू का? (एक आई, नाशिक)

नको, अजून चार-पाच वर्षं थांबा. रंगीत आहे म्हणून मुलांचा वाटतो पण लढाईत रक्त उडतं आणि नवरा-बायकोचं तुटणं त्याला कळणार नाही, नुसतं घाबरेल. त्याच्यासाठी युगो साको ह्या जपानी माणसाने आपल्या राम मोहन ह्यांना बरोबर घेऊन १९९२ मध्ये केलेला जपानी-भारतीय रामायणाचा ॲनिमेशनपट आहे ना, तो दाखवा. २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे पुन्हा थिएटरात लागला होता. तुम्ही स्वतः लहानपणी टीव्हीवर बघितला असेल तर शेजारी बसून बघा, जास्त मजा येईल.

गेल्या वर्षी माझा घटस्फोट झाला. बारा वर्षांचा संसार, आणि मला फोनवर कळलं. तुमचं वाचून सिनेमा बघितला आणि तिने फोनवर रडत परत घे म्हणून विनवण्या केल्या तिथे मी थांबवला, कारण मी पण तेच केलं होतं आणि त्याची मला अजून लाज वाटते. मैत्रीण म्हणते सीता कुठे आणि आपण कुठे, असं बरोबरीला बसवणं चूक आहे. तुम्हाला काय वाटतं? (पुण्याहून एक वाचक)

तुमचा मेल मी तीनदा वाचला. आधी मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दल. निनाने रामायण पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला ते आवडलं नव्हतं, सीता हे सगळं का सहन करते असं वाटून ती चिडली होती. स्वतःवर वेळ आली तेव्हा तिला कळलं की सीता वेडी नव्हती, टाकलेल्या माणसाला अजून प्रेम वाटत असतं, एवढीच गोष्ट आहे, आणि ती फार दुखते. तिने स्वतःला सीतेइतकं मोठं केलं नाही, सीता तिच्या खोलीत येऊन बसली. आपल्याकडे हे नेहमीच झालंय. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं, राम नाही. गावातले सांगतात की वनात सोडलेली सीता इथे राहिली, लव-कुश झाले तेव्हा तिने गावात पसाभर गहू मागितले आणि कुणी दिले नाहीत. ती म्हणाली, मग ह्या गावात गहू पिकणारच नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. ही गोष्ट कुठल्या पंडिताने लिहिलेली नाही, ती गावाने सांगितली आहे, आणि ज्यांनी सांगितली त्यांना माहेरी परत आलेल्या, लेकरू कडेवर घेऊन दारोदार फिरलेल्या बायका माहीत होत्या म्हणूनच ती एवढी खरी वाटते. त्यांनी पण सीतेला आपल्या शेजारीच बसवलं होतं.

आणि ती लाज. निनाने तो फोनचा प्रसंग गाळला असता तर कुणाला कळलंही नसतं. सिनेमा तिचा, चित्रं तिची, स्वतःला ताठ मानेने दाखवायला कोण अडवणार होतं. तरी तिने स्वतःला जमिनीवर पडून, फोन धरून, परत घे म्हणताना काढलं, आणि हे काढायला फ्रेमन् फ्रेम बसून राहावं लागतं, म्हणजे ते ती एकदा बोलली आणि काढताना पुन्हा पुन्हा ऐकत राहिली असणार. मला तो सगळ्या सिनेमातला धाडसाचा प्रसंग वाटतो. तुम्ही विनवणी केलीत कारण बारा वर्षं तुमच्यासाठी खरी होती. त्यात खाली मान घालण्यासारखं मला काही दिसत नाही, आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाहीये.

तुम्ही थांबवलात तिथून पुढचा भाग बघा, एकदम नाही झालं तर तुकड्या-तुकड्याने बघा. सीता परत घ्यायला आलेल्या रामाबरोबर जात नाही, धरणीला हाक मारते आणि तिच्या पोटात जाते, हे आपल्याला माहीतच आहे. पण त्यानंतर निना ब्रुकलिनच्या छोट्या खोलीत पलंगावर आडवी होऊन रामायण वाचताना दिसते, शेजारी मांजर. आणि मग अगदी शेवटी क्षीरसागर येतो, शेषाची शय्या, लहानपणापासून कॅलेंडरवर बघितलेलं तेच चित्र, फक्त ह्यावेळी शेषावर लक्ष्मी निवांत पहुडलेली आहे आणि विष्णू पायाशी बसून तिचे पाय चेपतोय.

तिथपर्यंत पोचलात की मला लिहा.